गड्ड्याच्या जत्रेत आलेला फोन आणि प्रायव्हेट इक्विटीची (पीई) तयारी

परवा मामेभावाचा फोन आला. सीए झालाय, मुंबईत एका इन्व्हेस्टमेंट बँकेत लागून जेमतेम चार महिने झालेत आणि विचारतोय, "दादा, प्रायव्हेट इक्विटीसाठी मी लेट झालो का रे?" (म्हणजे लोकांचे पैसे घेऊन कंपन्या किंवा त्यातला मोठा हिस्सा घ्यायचा, वाढवायचा आणि विकायचा, असले फंड.) म्हटलं गप बस बे, आधी टीडीएस कापलेला पगार नीट मोजायला शीक.

पण त्याची भीती कुठून आली ते कळलं. पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अमेरिकेतले व्हिडिओ बघतंय. तिकडे खरंच येडेपणा आहे, पोरं बँकेत खुर्ची गरम करायच्या आत हेडहंटरचे, म्हणजे फंडांना माणसं शोधून देणाऱ्यांचे, फोन सुरू होतात आणि इंटरव्ह्यू असतो दोन वर्षांनी सुरू होणाऱ्या नोकरीचा! 2025 मध्ये जेपी मॉर्गन बँकेने नवीन अ‍ॅनालिस्टना सांगून टाकलं की जॉइन व्हायच्या आधी किंवा पहिल्या 18 महिन्यांत दुसरीकडची ऑफर घेतली तर घरी जा, आणि अपोलो या मोठ्या पीई फर्मने तर 2027 च्या बॅचची भरती त्या वर्षी करणारच नाही म्हणून जाहीर केलं.

आपल्याकडे असलं भरतीचं सायकल-बिकल नाही. फंडाची टीमच दहा-पंधरा जणांची, कुणी सोडून गेला किंवा नवीन फंड उभा राहिला की एक जागा निघते, बास. मार्च-एप्रिलचा बोनस हातात पडला की लोक हलतात म्हणून तेव्हा जरा फोन वाढतात, त्यात नोटीस पिरियड तीन महिन्यांचा. बाकी तारीख कुणालाच माहिती नसते, हेडहंटरलाही नाही. माझ्या बघण्यात तरी बहुतेक जण दोन-तीन वर्षं बँकेत किंवा ट्रान्झॅक्शन अ‍ॅडव्हायजरीत (डीलआधी कंपनीचे हिशोब तपासायचं काम) काढूनच गेलेत.

मी स्वतः पीईच्या मागे होतो तेव्हा हेच गृहीत धरून बसलो होतो की बोनस झाला की तयारी करू. आणि फोन आला कधी, तर जानेवारीत, मी सोलापुरात होम मैदानावर गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, एका हातात भजीचा पुडा आणि मागे मौत का कुआँच्या मोटरसायकली. हेडहंटर बाई काय बोलतायत निम्मं ऐकूच आलं नाही, मी आपला हो हो करत राहिलो. दोनच दिवसांनी तीन तासांची मॉडेलिंग टेस्ट होती, म्हणजे एक्सेलवर कंपनीचा हिशोब मांडायचा. टेस्ट कशीतरी निघाली बरं का, एक्सेल हाताला बसलेलं असतं. माती झाली ती पुढच्या राउंडला. सीव्हीवर मी पाच डील टाकल्या होत्या, त्यातल्या तीन डीलमध्ये माझं काम म्हणजे स्लाइडवरचे लोगो सरळ करणं. समोरच्याने एकच कंपनी धरली आणि विचारलं, हिचे गिऱ्हाईक पैसे किती दिवसांत देतात, आणि सेल्स वाढूनही कॅश का नाही वाढली? मी ब्लँक. नंतर काही फोन आला नाही.

मग घरी येऊन तोंड पाडून बसलो होतो तर मामा त्यांच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या युनिटवर घेऊन गेले. लूमच्या खडखडाटात ते लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं. सुताचे पैसे पंधरा दिवसांत द्यायचे, माल विणून, धुवून, पॅक करून जायला महिना, आणि व्यापारी पैसे देणार नव्वद दिवसांनी. "ऑर्डर डबल झाली की मला झोप येत नाही, आनंदाने नाही, सुताला पैसे कुठनं आणू म्हणून," मामा म्हणाले. आयला! मला इंटरव्ह्यूत जे सांगता आलं नाही ते सगळं त्या एका पानावर होतं.

म्हणून भावाला सांगितलं, कागदावरचा एलबीओ कर, म्हणजे कर्ज काढून कंपनी घ्यायचा हिशोब, कॅल्क्युलेटर न घेता. 50 कोटी एबिटा (व्याज, कर, घसारा वजा करायच्या आधीचा नफा), आठपट भाव म्हणजे 400 कोटी, निम्मं कर्ज. पाच वर्षांनी एबिटा 75, भाव तोच, म्हणजे 600, कर्ज उरलं 100, आपले 200 चे 500 झाले, अडीचपट, आयआरआर, म्हणजे वर्षाचा परतावा, साधारण 20 टक्के. हे दोन आठवड्यांत जमतं. पण आपल्याकडे बँकांनी शेअर घ्यायला सहजी कर्ज दिलेलं नाही, त्यामुळे कर्जाच्या जोरावर रिटर्न काढण्यापेक्षा धंदा वाढणार का आणि प्रमोटर कसा आहे यावरच जास्त डोकं लावतात. त्यासाठी स्वतः केलेल्या दोनच डील घे, आतून बाहेरून घोळून पी, बाकीच्या सीव्हीवरून काढ. आणि ते आत्ता कर, बोनसची वाट बघू नकोस.

गंमत म्हणजे ते युनिट त्याच्याच बापाचं. लहानपणापासून तिथं टॉवेलच्या गठ्ठ्यांवर झोपलाय पठ्ठ्या, पण रजिस्टर एकदाही उघडलेलं नाही. शुक्रवारच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने येतोय. मामांना फोन करून सांगितलंय, पोराला शनिवारी घरी झोपू देऊ नका, युनिटवर न्या.