त्याचं राज्य अर्धं राहिलं

कच्चा लिंबू ही सोय मुलांनी मुळात धाकट्या भावंडांसाठी काढलेली. खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण आऊट धरायचं नाही. मी फिरती विशेष शिक्षिका आहे, म्हणजे शाळाशाळांतून दिव्यांग मुलांसाठी जाते. नवी मुंबईत घणसोलीतल्या एका शाळेत माझी दर गुरुवारी भेट असते, आणि तिथल्या तिसरीतला एक मुलगा पहिलीपासून कच्चा लिंबूच राहिला होता. वर्गातली पोरं गुणी आहेत. त्याचं दप्तर उचलतात, बाटली भरून आणतात, वॉकर धरतात. फक्त त्याच्यावर कधी राज्य येत नाही.

त्याला स्पास्टिक डायप्लेजिया आहे. सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा कमी होणं. तिच्या या प्रकारात मुख्यतः पायांचे स्नायू ताठ राहतात, हातांना त्रास कमी असतो. पाढे तो वर्गात सगळ्यांच्या आधी म्हणतो. शाळेच्या दृष्टीने त्याचं समावेशन पूर्ण झालं आहे, कारण हजेरी आहे, पायांना आधाराचे कॅलिपर मिळाले, रॅम्प बांधला. माझ्या भेटीच्या नोंदवहीतले रकानेही तेवढेच. मधल्या सुट्टीत तो कोणाशी बोलला, हे लिहायला त्यात जागा नाही. मला तर पहिला प्रश्न तोच वाटतो.

म्हणून मी सुरुवात पंगतीपासून केली. पोषण आहाराची खिचडी सगळी मुलं व्हरांड्यात ओळीने बसून खायची आणि हा वर्गात खुर्चीवर, एकटा. जमिनीवर बसवलं की तो मागे कलंडायचा. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की पाय पसरून बसताना कंबर मागे ओढली जाते, पाठीला पोक येतो, आणि हात टेकून तोल सांभाळावा लागतो. मग घास कुठल्या हाताने घ्यायचा? बूड थोडं उंच झालं की हा ताण सैल पडतो. खास खुर्ची मागवायची तर प्रस्ताव, मंजुरी आणि तोवर वार्षिक परीक्षा. मी दोन पाट एकावर एक ठोकून घेतले, घसरू नयेत म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. जागा भिंतीला टेकून, ओळीच्या मधोमध. कोपऱ्यात दोन भिंतींचा आधार मिळतो हे खरं, पण शेजारी एकच मिळतो. इथे त्याला दोन मिळाले. थोड्याच दिवसांत तो दोघांशीही भांडायला लागला, आणि मला फार बरं वाटलं.

त्या गुरुवारी मैदानाच्या तासाला विषामृत चाललं होतं. राज्य असलेल्या पोराचा हात चुकून याला लागला. ‘हा नाही, हा कच्चा लिंबू,’ म्हणून तो पुढे पळणार, एवढ्यात हा ओरडला, ‘मला विष दिलंय! मी आऊट!’ आणि वॉकर धरून तिथेच खाली बसला. उठेचना. खेळ थांबला, जोरदार वाद झाला. मोठं कोणी मध्ये पडलं नाही. पोरांनीच ठरवलं की बाकी सगळ्यांनी लंगडी घालायची, याने वॉकरने यायचं, आणि हद्द व्हॉलीबॉलच्या अर्ध्या कोर्टाएवढी. प्रशिक्षणांत मी खेळांच्या अनुकूलनावर बरंच काही ऐकलं आहे. इतका नेमका नियम एकाही साहेबाने सांगितला नव्हता.

नव्या डावात तो सगळ्यांत आधी आऊट झाला, त्यामुळे पुढचं राज्य नियमाने त्याच्यावर आलं. त्याने दोघांना कोपऱ्यात गाठून विष दिलं. अशा मुलांचे स्नायू उत्साहाच्या भरात आणखी ताठरतात. तिसऱ्याकडे झेपावताना त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकले आणि तो वॉकरसकट आडवा झाला. कोपर सोलवटलं. वर्गशिक्षिकेने शिट्टी मारून खेळ बंद केला. त्याने जो भोकाड पसरला तो त्या शिट्टीनंतर. मी कोपर धूत होते आणि तो एकच म्हणत होता, ‘बाई, माझं राज्य अर्धं राहिलं.’

नेमकी तेव्हाच आई न्यायला आली. तिला दिसलं ते रक्त आणि रडणारं पोर. ‘माझ्या पोराला पाडायला पाठवत नाही मी शाळेत,’ म्हणाली. मुख्याध्यापकांनी शाळा सुटायच्या आत लेखी सूचना काढली की पालक सोबत असल्याशिवाय त्याला मैदानावर नेऊ नये. शौचालयात धरायला दांडी लावा, हा माझा अर्ज जूनपासून त्याच टेबलावर आहे. वर्गशिक्षिकेचं मी समजू शकते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) तिच्याकडे तीस मुलं हवीत, आहेत चाळीसच्या वर. पण मागे एका मुलाचा दात पडला, तेव्हा चूळ भरून खेळ पुन्हा सुरू झाला होता. मी तरी रोज कुठे असते? प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण 2022 साली अधिसूचित झालं. माझ्याकडे घणसोलीपासून दिघ्यापर्यंतच्या शाळा आहेत.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आई महापेला एका कंपनीत हाउसकीपिंगला आहे, आणि ड्युटी सांभाळून त्याला वाशीला महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या ईटीसी केंद्रात फिजिओथेरपीला नेते. शांतपणे तिने विचारलं, ‘मॅडम, त्याला पळता येत नाही, हे सगळ्या पोरांसमोर दिसायलाच पाहिजे का?’

मी म्हटलं, ‘ताई, ते रोजच दिसतं. आज त्याने दोघांना पकडलेलंही दिसलं.’ ती काही बोलली नाही. तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. पडण्यापेक्षा पोराचं हसं होईल, याची तिला भीती असावी, आणि त्यावर माझ्याकडे गुडघ्याचे पॅड आणि वॉकरला नवे रबर सोडून फारसं काही नव्हतं.

मुख्याध्यापकांना मी पत्र दिलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 खेळ आणि मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायला सांगतं, त्यामुळे अशी अट घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यांचं तोंडी उत्तर आलं, ‘पालकांची संमती आणा.’ आईने अजून सही केलेली नाही. काल तिचा फोन आला, मैदानाचा तास कितीला असतो म्हणून. गुरुवारची पाळी बदलून मिळते का, ते ती सुपरवायझरला विचारणार आहे.