क्योटोच्या यादीतली काटछाट

आज अख्खा रविवार जपानमधल्या क्योटोच्या सहलीच्या तयारीत गेला. सकाळी यादीत चौदा ठिकाणं होती, रात्री पाच उरली. फार बरं वाटतंय.

गिओन या जुन्या भागात मैकोंच्या, म्हणजे गेइशा होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलींच्या, मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पर्यटकांमुळे २०२४ पासून तिथल्या खाजगी गल्ल्या बंद केल्यात, शिरलं तर १०,००० येन दंड. हे वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "दंड नसता तरी कुणाच्या दारात असं उभं राहायचं नाही."

साइहोजी, म्हणजे शेवाळाच्या बागेचं मंदिर, मात्र यादीत पक्कं. आधी नोंदणी करावी लागते आणि बाग बघण्याआधी बसून बौद्ध सूत्र हातानं लिहून काढायचं असतं. आईला हे लगेच पटलं. ती श्रावणात पोथी वाचायला बसते तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

फुशिमी इनारीच्या देवळाला पहाटेच जाणार, गर्दी व्हायच्या आत. तिथल्या प्रत्येक लाल तोरीच्या, म्हणजे देवळाच्या कमानीच्या, मागच्या अंगाला देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली असते. कुणीतरी श्रद्धेनं उभी केलेली कमान आहे ती. तिला टेकून फोटो काढायचा नाही, हे आमचं ठरलंय.

झोपण्याआधी आईनं "सुमिमासेन", म्हणजे जपानीत "माफ करा", तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा अगदी बरोबर आलं.