तुम्ही विचारलंत म्हणून: दोघे बरोबरीला आले का?

हा प्रश्न तुम्ही आपुलकीने विचारता आणि त्याला एका शब्दाचे उत्तर मिळावे अशी तुमची अपेक्षा असते. आमच्या मुदतपूर्व जन्मलेल्या जुळ्यांचे, मुलाचे आणि मुलीचे, अतिदक्षता विभागातले दिवस तुम्ही जवळून पाहिले आहेत, म्हणून ते पुन्हा सांगत नाही, त्यानंतरचे सांगते.

२९व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे करेक्टेड एज, म्हणजे जितके आठवडे लवकर जन्मले तितके वजा करून धरलेले वय, पहिल्या वाढदिवसाला जेमतेम साडेनऊ महिने असते. दोन वर्षांनंतर ही वजाबाकी बहुधा थांबवतात, पण ती थांबते हिशेबापुरती. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत मेंदूच्या पृष्ठभागावरील घड्या झपाट्याने वाढतात, आणि आमच्या मुलांची ती वाढ पोटात नव्हे, तर यंत्रांच्या आवाजात झाली. इतक्या लवकर जन्मलेली कित्येक मुले पुढे उत्तम शिकतात. मात्र लक्ष टिकवणे, डोळ्यांचा आणि हातांचा मेळ, गणित यांतल्या अडचणी काहींच्या बाबतीत शाळा सुरू झाल्यावरच दिसतात, कारण त्या क्षमतांची खरी कसोटी तेव्हाच लागते.

सातव्या वर्षीच्या तपासणीत दोघांना एकाच टेबलाशी बसवून समोरचा चौकट आकार उतरवायला सांगितले. मुलीने तो सहज उतरवला. मुलाची पेन्सिल दर कोपऱ्यावर भलतीकडे वळत होती. तो खोडत राहिला, पुन्हा काढत राहिला आणि अखेर कागद फाटला. तेव्हा तपासणाऱ्या बाई त्याच्या देखत मला म्हणाल्या, ‘‘आठवडे दोघांचे सारखेच, मग हाच का मागे?’’ मी काही बोलण्याआधी मुलीने आपली आकृती खोडली आणि त्याच्यासारखीच वाकडी काढली. तो तिच्या कागदाकडे बघत राहिला आणि मग त्याने पेन्सिल खाली ठेवली. ती त्या दिवशी पुन्हा हातात घेतली नाही.

बाईंच्या प्रश्नाला उत्तर होते. आठवडे सारखे असले तरी जन्माचे वजन सारखे नव्हते, मेंदूत रक्तस्राव झाला तो एकालाच, आणि मुदतपूर्व मुलग्यांना सरासरीने मुलींपेक्षा अधिक धोका असतो. हे सांगताना मी सबबी देते आहे असे तुम्हाला वाटेल, वाटू दे. दोन वर्षांच्या तपासणीत सारे ठीक निघाले तेव्हाची मी आज समोर असती, तर तिनेही मला हेच सुनावले असते. तिला मी इतकेच म्हणेन, की दुसऱ्या वर्षीच्या गुणांवरून शाळेच्या वयातली प्रगती नेमकी सांगता येत नाही. ती विचारेल, ‘‘मग इतक्या थेरपीचा उपयोग काय झाला?’’ लवकर सुरू केलेल्या उपचारांचा लाभ शाळापूर्व वयात स्पष्ट दिसतो आणि पुढे बराच विरळ होत जातो, असे संशोधन सांगते. तरीही ती थेरपी मी पुन्हा केलीच असती. हे तिला पटवून देता येत नाही.

तुम्हाला बरोबरी हवी आहे ती कोणाशी? वर्गाशी म्हणाल, तर मुलगी आहे. मुलगा वाचनात आहे, लिहिण्यात नाही. एकमेकांशी म्हणाल, तर ती तुलना त्या टेबलाशी मी पाहिली आहे, आणि तिची किंमत दोघांनीही मोजली.

पुढच्या वर्षी त्यांना वेगवेगळ्या तुकड्यांत बसवावे, असा शाळेचा आग्रह आहे. तिच्यावरचा भार हलका होईल हे मला पटते. त्याचा आधार जाईल हेही दिसते. शाळेला मी अजून होकार कळवलेला नाही.