तुम्ही विचारलंत म्हणून: जेलमधे शिकतात ते माफीसाठीच ना?

आपल्याकडच्या एका कारागृहात मी वाचायला शिकवायला जाते हे कळलं की लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमधे, कुठेही, पुढचा प्रश्न ठरलेला. "माफी मिळते म्हणूनच शिकतात ना ते?"

मिळते की. महाराष्ट्रात शिक्षा लागलेला बंदी दहावी, बारावी, डिग्री असं काही पास झाला तर 90 दिवसांपर्यंत माफी, म्हणजे शिक्षेत सूट, मिळू शकते, आणि त्यासाठी कोणी अभ्यास केला तर मला काहीच वावगं वाटत नाही, प्रमोशनसाठी आपणही परीक्षा देतोच. पण ती मिळते ज्याला आधीच बऱ्यापैकी वाचता येतं त्याला. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची, इग्नूची केंद्रं आहेत जेलांमधे, तिथून लोक बीए होतात, पेपरात फोटो येतो. माझ्यासमोर बसतात ते हे नव्हेत. बरेचसे कच्चे कैदी, केस अजून चालूच (देशातल्या जेलांमधे चारातले तीन असेच), शिक्षाच लागलेली नाही तर माफी कसली!

त्यातले जे शाळेत कधी गेलेच नाहीत ते बऱ्याचदा भराभर शिकतात. अडतात ते पाचवी-सहावीपर्यंत वर्गात बसलेले, 'घर'चं 'धर' वाचणारे, काना-मात्रा गाळणारे, जोडाक्षर आलं की पाणी प्यायला उठणारे. तोंडी हिशोब मात्र मी बोटं मोजेपर्यंत तयार, कलमं पाठ, कोर्टाच्या तारखा पाठ, वकिलाला किती दिले तेही पाठ.

मग हा डिस्लेक्सिया का, म्हणजे डोकं चांगलं चालत असूनही अक्षरं वाचताना अडणं? मी तसं म्हणत नाही, कारण अर्धवट सुटलेली शाळा, नशा, डोक्याला लागलेला मार असं सगळं एकात एक गुंतलेलं असतं, आणि कधीकधी तर नुसता चष्मा हवा असतो हो. पण टेक्सासच्या कैद्यांवरचा एक अभ्यास 2000 साली छापून आला होता, त्यात जवळजवळ निम्मे सापडले होते डिस्लेक्सियाचे. आपल्याकडे मराठीतूनही तपासता येईल अशी डाली नावाची चाचणी 2015 मधे आली, तीही प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी. तिशीतल्या माणसाने काय करायचं?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) हे अपंगत्व म्हणून धरलंय, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, पण सर्टिफिकेट पाहिजे, त्यासाठी हॉस्पिटल, हॉस्पिटलला न्यायला पोलिस एस्कॉर्ट, आणि एस्कॉर्ट नाही म्हणून जिथे कोर्टाची तारीख चुकते तिथे वाचता येत नाही या कारणासाठी गाडी कोण काढणार?

त्यामुळे मी बालवाडीची पुस्तकं नेत नाही. कमळ-बदक बघून चाळिशीचा माणूस सरळ उठून जातो. जामिनाचा अर्ज, कँटीनची यादी, घरून आलेलं पत्र, यातलेच शब्द घेते, एकेकाला बाजूला बसवून, कारण बराकीसमोर मोठ्याने वाचताना अडखळला की महिनाभर चिडवतात. आणि खरं सांगू, सगळ्यात छान शिकवतो तो तिथलाच एक जन्मठेपवाला, सगळ्यांचे अर्ज तोच लिहून देतो, माझ्याहून कितीतरी पेशन्स आहे त्याला.

पुस्तकं देऊ का असंही विचारता. द्या, पण जाडजूड कादंबऱ्या नकोत, मोठ्या टायपातली पातळ, मोठ्या माणसांच्या गोष्टींची द्या, आणि स्पायरल बाइंडिंगची नको, तार गेटवरच काढून घेतात.