दोन डब्या, एकमतानं चुकलेल्या

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात घर विकायचं तर रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणी ओघानंच येते. याच पट्ट्यात 1984 साली लिमरिक अणुवीज केंद्रातल्या एका अभियंत्यामुळे किरणोत्साराचे गजर वाजले आणि दोष त्याच्या घरातल्या हवेचा निघाला.

आमच्याकडे आलेल्या या घराच्या तळघरात ताशी नोंद करणारा मॉनिटर ठेवला आणि शेजारी, दहा सेंटिमीटर अंतर सोडून, सक्रिय कोळशाच्या दोन डब्या. जमिनीपासून अर्धा मीटर उंच, खिडकीपासून जवळपास मीटरभर लांब. घर बारा तास आधीपासून बंद ठेवायला सांगितलेलं. मुदत 48 तास.

प्रयोगशाळेतून डब्यांचे आकडे आले 3.6 आणि 3.7 पिकोक्युरी प्रति लिटर. इथली कृतीची मर्यादा, म्हणजे ज्या आकड्याला उपाय करायला हवा, 4, म्हणजेच 148 बेक्वेरेल प्रति घनमीटर. जोडी इतकी जुळलेली, की घरमालकाचा एजंट खूश. मॉनिटरची सरासरी मात्र, सुरुवातीचे चार तास नियमाप्रमाणे वगळून, 5.5.

आलेख उघडला. पहिले सव्वीस तास रेषा 9.4 च्या आसपास. दुसऱ्या दिवशी दुपारी एकनंतर दोन तासांत थेट 1.6, आणि शेवटपर्यंत तिथेच. त्याच वेळी तापमान 64 वरून 57 फॅरनहाइटवर. रेडॉनचं अर्धायुष्य 3.8 दिवसांचं, दोन तासांत तो आपोआप जेमतेम दीड टक्का घटतो. बाकीचा बाहेर गेला. मार्च महिन्यात तळघराची खिडकी हवेशीर वाटावं म्हणून कोणी उघडत नाही.

मग डब्या का फसल्या? उघड्या तोंडाच्या डबीतला कोळसा रेडॉन धरतो तसा सोडतोही. हवेतला रेडॉन घटला की डबीतलाही बाहेर पडू लागतो, त्यामुळे शेवटच्या तासांचं वजन आकड्यात जास्त. दोन्ही डब्यांनी तीच हवा घेतली, म्हणून दोघींचा आकडा सारखा. जोडी जुळली म्हणजे मोजणीत गोंधळ नाही एवढंच कळतं. हवा आधी कशी होती ते नाही. (दमट तळघरात आणखी एक भर: कोळसा पाणी पितो, म्हणून डबी आधी-नंतर तोलावीच लागते.)

चाचणी रद्द केली. फेरचाचणीत खिडक्यांच्या फटींवर फाडल्याशिवाय निघणार नाही अशी टेप लावली. सरासरी 9.2. वाद मिटला, किंमत उतरली.

उपाय साधा होता. सम्पवर, म्हणजे तळघरात पाणी साठण्यासाठी केलेल्या खड्ड्यावर, हवाबंद झाकण, त्यातून चार इंची पीव्हीसी पाइप छताबाहेर, वर अखंड चालणारा पंखा. पंखा सुरू होऊन किमान 24 तास झाल्याशिवाय पुन्हा मोजायचं नाही. मोजलं तेव्हा 0.9 आलं. पाइपवरच्या यू नळीतल्या रंगीत द्रवाच्या दोन पातळ्या समान दिसल्या तर पंखा बंद पडलाय, एवढं नव्या मालकांना दाखवून ठेवलं.