तीन पानांचा घोळ

दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात आमच्या सोसायटीतला गुलमोहर आडवा झाला. तिथं आता काय लावायचं, यावर मिटिंग बसली. मी म्हटलं, देशी झाड लावू, फुलपाखरं येतील असं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, हेही ऐकवलं. लोकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मयताच्या घरी जाऊन मी त्याची जात काढली होती.

काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. हडपसरच्या पुढं सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांगच आहे. फुलपाखरांसाठी म्हटलं की जो तो घाणेरीच्या कुंड्या दाखवायचा. घाणेरी मुळात अमेरिकेतली. तिच्यावर फुलपाखरं झुंबडतात खरी, पण हॉटेलात जावं तशी. मध प्यायला की चालली. बाळंतपणाला माहेरच लागतं, आणि प्रत्येकीचं माहेर ठरलेलं. एमिग्रंटला बहावा, कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता किंवा लिंबू. फूल पाहून झाड निवडणारे आपण; ती पान पाहतात.

मला हवा होता वायवर्ण. पांढऱ्या पंखांची टोकं नारिंगी असलेलं ग्रेट ऑरेंज टिप त्याच्यावर अंडी घालतं. शिवाय कोकणातली आत्या त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करायची, ती जिभेवर होतीच. पाचव्या नर्सरीत एकजण म्हणाला, "आहे की! तीन-तीन पानांचं ना?" मी खूश. दोन फूट खड्डा, शेणखत, काठीचा आधार, सगळं साग्रसंगीत झालं.

महिनाभरानं पाणी घालताना बोटाला काटा बोचला. वायवर्णाला काटे नसतात. पान चुरगळून हुंगलं, तर थेट महादेवाच्या देवळातला वास. बेल होता तो!

नर्सरीवाल्याशी भांडायला जाणार होतो, पण तळमजल्यावरच्या आजी हरखल्या. श्रावणी सोमवारची सोय दारात झाली. मीही मनाची समजूत घातली: बेल लिंबाच्याच कुळातला. त्याच कुळावर वाढणाऱ्या ब्लू मॉरमॉनला महाराष्ट्रानं 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. तेवढा मोठा पाहुणा आमच्याकडं कशाला फिरकतोय, पण लाइम बटरफ्लाय तरी येईल.

यंदा ते आलं. कोवळ्या पानांवर एकेक अंडं, मग चिमणीची शीट वाटाव्या अशा अळ्या, आणि मोठ्या झाल्यावर पानाच्याच हिरव्या रंगाच्या. मी रोज सकाळी भिंग घेऊन हजर.

पण महादेवाला पान अखंड लागतं. पहिल्या सोमवारी आजी परडी घेऊन आल्या आणि कमरेएवढ्या त्या झाडावर त्यांना बिनभोकाची जेमतेम चार पानं मिळाली.

"अरे, औषध मार की यांच्यावर."

"आजी, यांच्यासाठीच तर झाड लावलंय."

आजींनी काडीनं एका अळीला ढोसलं. अळीनं डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढली आणि कसलासा उग्र वास सोडला. आजी दोन पावलं मागं सरल्या.

"शिंगं दाखवतंय मेलं," असं म्हणून त्यांनी काडी टाकली. पुढच्या सोमवारी रिक्षा करून मंडईतून बेल आणला. भाड्याचे निम्मे पैसे माझ्याकडून घेतले.

वायवर्ण अजून शोधतोय. आता आधी पान चुरगळून बघतो.