उणे सोळात उघड्यावर मुक्काम आणि सकाळचं इंजिन

हँगरमध्ये जागा नव्हती, त्यामुळे आमचं चार आसनी विमान रात्रभर उघड्यावरच राहणार होतं. उतरल्या उतरल्या, इंजिन गरम असतानाच काउलिंगवर, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या झाकणावर, जाड कव्हर चढवलं, पुढची हवेची तोंडं बंद केली आणि प्रोपेलरलाही कव्हर घातलं. हे शेवटचं बरेच जण टाळतात. पण धातूचं ते पातं थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडलेलं असतं आणि आतली ऊब बाहेर ओढत राहतं. बॅटरी काढून खोलीत नेली.

सकाळी पारा उणे १६ अंशांवर. लायकमिंगची बहुतेक इंजिनं उणे १२ च्या खाली आणि कॉन्टिनेंटलची उणे ७ च्या खाली आधी तापवूनच सुरू करावीत, असं कंपन्याच सांगतात. प्रश्न नुसत्या घट्ट तेलाचा नसतो. क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीचं कवच, अॅल्युमिनियमची, क्रँकशाफ्ट पोलादाचा. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं, त्यामुळे तेल धड वाहत नसतं तेव्हाच बेअरिंगमधली फटही कमी होते. म्हणून फक्त तेलाच्या टाकीखालचा हीटर थोडा वेळ लावून भागत नाही. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) कोमट लागते, आपण खूश, आणि वर सिलिंडर गारठलेलेच!

वीज लांब होती, म्हणून आम्ही गरम हवेचा ब्लोअर वापरला. पाइप खालून आत, कव्हर वरून तसंच, आच बेताची. तासाभराहून जास्त वेळ लागला. घाई करून झोत एकाच जागी धरलात तर रबरी नळ्या आणि वायरी आधी जातील. ब्लोअर सोडून चहाला तर अजिबात जाऊ नका. माझी कसोटी साधी: पाइपपासून सर्वांत लांबच्या सिलिंडरला आणि प्रोपेलरच्या मुळाशी हात लावून बघायचा. तिथे ऊब लागली की झालं. प्लगना ठिणगीची वीज देणारे मॅग्नेटो बंद आहेत हे मात्र आधी बघा, आणि पातं हलवू नका.

शेजारच्या विमानाने न तापवताच स्टार्टर मारला. इंजिन दोन-तीनदा फटफटलं नि गप्प झालं. प्लग काढला तर टोकांवर पांढरं हिव! जळलेल्या इंधनातली वाफच तिथे गोठते, आणि मग ठिणगी पडत नाही. अशा वेळी प्राइम करत, म्हणजे इंजिनात जादा इंधन सोडत, सुटू नका, कार्ब्युरेटर पेट घेऊ शकतो. पेटलाच तर स्टार्टर चालूच ठेवा, ज्वाळा आत ओढल्या जातात.

आमचं इंजिन लगेच लागलं. तेलाचा दाब अर्ध्या मिनिटात दिसायला हवा, नाही तर बंद करा. क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर पाइपचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना, हे सुरू करण्याआधीच बघायचं. ते बुजलं तर आतल्या दाबाने पुढचं सील उडतं आणि तेल बाहेर. पंखांवरचं हिव आम्ही ब्लोअर चालू असतानाच झाडून घेतलं. थ्रॉटल पुढे नेल्यावर इंजिन अडखळत नाही आणि तेलाचा दाब स्थिर राहतो, हे पाहूनच धावपट्टीवर गेलो.